मोजणारे कोण, मोजले जाणारे कोण? दक्षिण आफ्रिकेतील एका संशोधन संस्थेचा इतिहास

समाजशास्त्र हे तटस्थ शास्त्र आहे, असे वर्गात शिकवले जाते. संशोधक प्रश्नावली तयार करतो, नमुना निवडतो, माहिती गोळा करतो आणि निष्कर्ष काढतो. त्यात त्याच्या जातीचा, रंगाचा, वर्गाचा काही संबंध नसतो म्हणे. ज्यांना हे अजूनही खरे वाटते त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया शहरातल्या ह्युमन सायन्सेस रिसर्च कौन्सिलचा, म्हणजे एचएसआरसीचा, इतिहास एकदा नजरेखालून घालावा. आज ही त्या देशातील सामाजिक संशोधनाची सर्वांत मोठी सरकारी संस्था आहे. दारिद्र्य, शिक्षण, एचआयव्ही, बेरोजगारी अशा प्रश्नांवर तिचे अहवाल येतात आणि जगभर वाचले जातात. पण ही संस्था कोणी एका दिवशी उभारलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी काढलेल्या अनेक संस्था एकात एक मिसळत गेल्या आणि ती तयार झाली. प्रत्येक विलीनीकरणात खुर्च्या, कपाटे आणि कर्मचारी आले, तसे जुने प्रश्न आणि जुन्या मोजपट्ट्याही आल्या.

मुळापासून सुरुवात करू. १९२९ साली तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यात शैक्षणिक संशोधनासाठी एक राष्ट्रीय ब्युरो निघाला. पुढे त्याच्या नावात 'सामाजिक' हा शब्दही जोडला गेला. त्याचे पहिले संचालक अर्न्स्ट मालहर्ब. हे गृहस्थ आपल्याला दूरचे वाटतील, पण तसे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथेच मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यानंतर काही वर्षांनी मालहर्ब त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात आले आणि दक्षिण आफ्रिकेतील शिक्षणाच्या इतिहासावर त्यांनी पीएच.डी. केली. बाबासाहेब ज्यांना आपले गुरू मानत ते जॉन ड्यूई त्या वेळीही कोलंबियात शिकवत होते. १९३४ मध्ये मालहर्बांनी दक्षिण आफ्रिकेत मोठी शिक्षण परिषद भरवली, तेव्हा पाहुण्यांमध्ये स्वतः ड्यूई होते. म्हणजे ज्ञानाची विहीर एकच. एकाने ते पाणी जातिसंस्थेच्या मुळाशी जाण्यासाठी वापरले. दुसऱ्याने काय केले?

मालहर्बांच्या हाती पहिले मोठे काम आले ते 'गरीब गोऱ्यां'च्या चौकशीचे. अमेरिकेच्या कार्नेगी कॉर्पोरेशनने त्याला पैसा दिला होता. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षण, आरोग्य, कुटुंब असे विषय वाटून घेत तज्ज्ञांनी देश पालथा घातला आणि १९३२ साली पाच खंडांचा अहवाल प्रसिद्ध केला. अतिशय गरीब म्हणता येतील अशा गोऱ्यांची संख्या तेव्हा तीन लाखांच्या आसपास सांगितली जाई. हा अहवाल एका दृष्टीने उत्तम आहे. गोरा माणूस गरीब का झाला? १८९६-९७ च्या गुरांच्या साथीने जनावरे मेली. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांनी शेते जाळली. दुष्काळ पडले, वारसाहक्काने जमिनीचे तुकडे झाले, शाळा निरुपयोगी होत्या, खेड्यातला शेतकरी शहरात आला आणि त्याच्या हाताला कसब नव्हते. गरिबीची कारणे मुख्यतः परिस्थितीत आहेत, रक्तात नाहीत, असा त्याचा सूर आहे. पोटच्या पोराविषयी बोलावे अशा आस्थेने तो लिहिला आहे.

आता त्याच देशातल्या काळ्या माणसाकडे पाहा. १९१३ च्या जमीन कायद्याने त्याची जमीन हिरावली होती. खाणीत तो मातीमोल मजुरीवर राबत होता. गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त काळे लोक गरीब होते. पण 'गरीब काळे' नावाची कुठली चौकशी निघाली नाही. काळ्याची गरिबी हा प्रश्न नव्हता, ती त्याची नैसर्गिक अवस्था मानली गेली. त्याच्या बाबतीत निघाला तो निराळाच प्रश्न: याला शिकवता येते का?

१९३९ साली ब्युरोच्याच वर्तुळातले मानसशास्त्रज्ञ एम. एल. फिक यांचे पुस्तक आले. विषय होता दक्षिण आफ्रिकेतल्या 'नेटिव्ह' माणसाची शिक्षणक्षमता. गोऱ्या मुलांसाठी बनवलेल्या बुद्धिमापन चाचण्या आफ्रिकी मुलांना दिल्या, गुण कमी आले आणि फरक जन्मजात असल्याचा निष्कर्ष निघाला. ज्या मुलाच्या शाळेत पाटीपेन्सिल धड नाही, ज्याने चाचणीतली चित्रे आयुष्यात पाहिली नाहीत, त्याच्या मेंदूवर ठपका. एकाच संशोधन परंपरेत दोन गरिबांसाठी दोन शास्त्रे होती. गोऱ्या गरिबाचे कारण परिस्थितीत शोधायचे आणि काळ्या गरिबाचे डोक्यात. माझ्या मते एचएसआरसीच्या पूर्वेतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पुढचे सगळे याच फटीतून वाढलेले आहे.

फिक यांना उत्तर मिळाले नाही असे नाही. सायमन बिशूवेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये आफ्रिकी बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहून ही तुलनाच शास्त्राला धरून नाही, हे दाखवले. घर, आहार, शाळा, संस्कृती वेगळी असताना गुणांची तुलना करून जन्मजात क्षमता सांगता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण गंमत पुढे आहे. याच बिशूवेल यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये कर्मचारी निवडीच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे इंग्रजी नाव एनआयपीआर. या संस्थेच्या चाचण्या सोन्याच्या खाणींत वापरल्या गेल्या. दूरदूरच्या प्रदेशांतून वेगवेगळ्या भाषा बोलणारे हजारो काळे मजूर येत. त्यांना एक भाषा समजेना, म्हणून शब्दांवाचून, कृती दाखवून चाचणी घेतली जाई आणि कोणाला कुठल्या कामावर घालायचे ते ठरे. चाचणी कितीही निर्दोष करा, खाणीतला काळा माणूस शेवटी काळ्यांसाठी राखलेल्या कामांमध्येच विभागला जाणार होता. चांगल्या हेतूचा शास्त्रज्ञ आणि वाईट व्यवस्था यांची गाठ पडली की काय होते, ते इथे दिसते. ही संस्थाही १९८४ मध्ये एचएसआरसीत विलीन झाली.

मध्ये आपल्या विषयाच्या एका प्राध्यापकांची ओळख करून देतो. हेंड्रिक फेरवुर्ड. स्टेलेनबॉश विद्यापीठात समाजशास्त्र आणि समाजकार्याचे प्राध्यापक. होय, समाजकार्याचे! मी ज्या कामावर पोट भरतो त्याच कामाचे. कार्नेगी अहवालानंतर १९३४ मध्ये किम्बर्लीला गरीब गोऱ्यांच्या प्रश्नावर लोकपरिषद भरली, त्यात हे आघाडीवर होते. पुढे ते राजकारणात गेले, १९५० मध्ये 'नेटिव्ह अफेअर्स' खात्याचे मंत्री झाले आणि १९५८ ते १९६६ पंतप्रधान. काळ्या मुलांना मुद्दाम दुय्यम शिक्षण देणारा १९५३ चा बांटू शिक्षण कायदा त्यांचाच. ठरावीक श्रमाच्या पलीकडे गोऱ्या समाजात काळ्याला स्थान नाही, मग त्याला गणित शिकवून काय उपयोग, अशा अर्थाचे ते उघड बोलत. वर्णभेदाची व्यवस्था अडाणी गुंडांनी उभी केली असे समजू नका. तिच्या शिल्पकारांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मनुस्मृतीही अडाण्यांनी लिहिलेली नव्हती.

अशा पार्श्वभूमीवर १९६८ चा कायदा झाला आणि १९६९ मध्ये एचएसआरसी कामाला लागली. जुना ब्युरो आणि सामाजिक संशोधनाला अनुदान देणारी राष्ट्रीय परिषद यांचे काम तिच्याकडे आले. एकीकडे स्वतः संशोधन करायचे, दुसरीकडे विद्यापीठांतल्या संशोधकांना पैसे वाटायचे, असा दुहेरी अधिकार. म्हणजे प्रश्न ठरवणारे तेच आणि तिजोरीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. पहिले अध्यक्ष झाले पी. एम. रॉबर्टसे. त्यांची आधीची कामगिरी सांगायलाच हवी. देशातल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९६२ मध्ये गोरेतर सदस्याला प्रवेश द्यायचे ठरवले, तेव्हा मोठा गट बाहेर पडला आणि त्याने फक्त गोऱ्यांची वेगळी संघटना काढली. रॉबर्टसे त्या वेगळ्या चुलीचे पुढारी होते. ज्याला सहकारी म्हणून काळा माणूस शेजारच्या खुर्चीवर चालत नाही, त्याच्या हाती काळ्या माणसाचा अभ्यास करणारी संस्था दिली गेली. याला नेमणुकीतली चूक म्हणता येणार नाही. संस्थेचे काम काय, ते या नेमणुकीतूनच सांगितले गेले होते.

त्याच १९६९ च्या जुलैमध्ये टर्फलूप येथे स्टीव्ह बिको यांच्या अध्यक्षतेखाली काळ्या विद्यार्थ्यांची 'सासो' ही संघटना औपचारिकपणे सुरू झाली. उदारमतवादी गोऱ्यांनी आमच्या वतीने बोलू नये, आम्ही स्वतः बोलू, ही तिची भूमिका. त्याच काही महिन्यांत प्रिटोरियात सरकारी कौन्सिल काळ्यांविषयी बोलण्याची तयारी करत होती. इतिहासाने एकाच वर्षात दोन दुकाने उघडली. आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १९६९ हेच आपल्याकडच्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे, आयसीएसएसआरचे, स्थापनावर्ष. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही महाराष्ट्रातले. दोन्ही संस्थांच्या हेतूंची बरोबरी मी करत नाही, ती करणे अन्यायाचे होईल. पण सरकारच्या पैशाने समाजाचा अभ्यास करताना अभ्यासकांच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न दोन्हीकडे तेव्हा कोणी मांडला नव्हता. आपल्याकडे तो धारदारपणे मांडला तो गोपाळ गुरू यांनी, २००२ मध्ये. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी भारतीय समाजविज्ञानाची फाळणी झाली आहे, असे त्यांनी दाखवले, तेव्हा विद्वानांच्या गोटात चांगलीच खळबळ झाली.

सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन वस्तीत फिरणे हा माझ्या कामाचा भाग आहे. एकदा एका मावशींनी सगळी उत्तरे दिल्यावर विचारले, 'बाळा, हे कागद जातात कुठं?' तालुक्याला जातात, तिथून जिल्ह्याला, एवढेच मी सांगू शकलो. सोवेटोतल्या माणसाला हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती.

१६ जून १९७६ ला सोवेटोतली मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९८० मध्ये पुन्हा शाळांवर बहिष्कार सुरू झाले. आता सरकारला बांटू शिक्षणाचे काय करायचे ते कळेना, म्हणून त्याने एचएसआरसीला साकडे घातले. रँड आफ्रिकान्स विद्यापीठाचे कुलगुरू जे. पी. डी लांगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८१ मध्ये अहवाल आला: सर्वांसाठी समान दर्जाचे शिक्षण आणि एकच शिक्षण मंत्रालय असावे. हेच डी लांगे पुढे ब्रूडरबॉण्ड या आफ्रिकानर वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेचे अध्यक्ष झाले, एवढे लक्षात ठेवून अहवाल वाचावा. सरकारने १९८३ मध्ये एका मंत्रालयाची शिफारस फेटाळलीच. १९८५ मध्ये संस्थेचा आणखी एक मोठा अहवाल आला, समाजगटांमधील संबंधांवर. वर्णभेदाच्या मूळ कल्पनेवर देश चालवणे आता कोंडीत सापडले आहे, असे त्यात म्हटले होते. वर्णभेदाच्या घरात वाढलेली संस्था वर्णभेद चालत नाही म्हणू लागली!

याचे श्रेय तिला द्यावे का? अर्धे द्यावे. अहवालातले आकडे खरे होते आणि त्यांनी गोऱ्या सुशिक्षितांच्या मनात भेग पाडली. पण आग रस्त्यावर लागली होती म्हणून प्रयोगशाळेला धूर दिसला. सोवेटोच्या मुलांनी छातीवर गोळ्या घेतल्या नसत्या, तर १९८१ ची समिती बसली नसती. काळ्या जनतेच्या चळवळीतल्या बहुतेकांनी संस्थेवर विश्वास ठेवला नाही आणि ते योग्यच होते. १९८६ मध्ये निको क्लूटे, योहान म्युलर आणि मार्क ऑर्किन या तीन अभ्यासकांनी 'सायकॉलॉजी इन सोसायटी' या टीकात्मक नियतकालिकात संस्थेची साले काढली. आपण काळजी सोडून एचएसआरसीवर प्रेम करायला कसे शिकलो, असे उपरोधिक शीर्षक होते, एका प्रसिद्ध चित्रपटाच्या नावावर बेतलेले. यातले ऑर्किन हे नाव लक्षात ठेवा.

संस्थेबाहेरही काम चालले होते आणि माझ्या दृष्टीने त्या दशकातले खरे संशोधन तिथे झाले. १९८२ मध्ये केप टाउन विद्यापीठातून दुसरी कार्नेगी चौकशी सुरू झाली. पहिली गोऱ्या गरिबांची, दुसरी सगळ्या दक्षिण आफ्रिकेच्या गरिबीची. पन्नास वर्षे लागली 'गरीब' या शब्दात काळा माणूस बसायला. फ्रान्सिस विल्सन यांच्यासोबत या कामाच्या केंद्रस्थानी होत्या डॉ. माम्फेला राम्फेले. बिकोंच्या सहकारी, सरकारने १९७७ मध्ये दूरच्या खेड्यात हद्दपार केलेल्या, तिथेही दवाखाना उभा करून बायाबापड्यांबरोबर काम केलेल्या. १९८४ च्या परिषदेत सुमारे तीनशे निबंध आले आणि १९८९ मध्ये दोघांचे पुस्तक. गरिबीचे कारण इथे थेट सांगितले आहे: जमीन हिरावणे, स्थलांतरित मजुरी, पासचे कायदे, सक्तीची हकालपट्टी.

आता मालहर्बांकडे परत जाऊ, कारण त्यांची कथा पहिल्या अहवालावर संपत नाही. १९४५ नंतर ते नाताळ विद्यापीठाचे प्रमुख झाले, वर्णभेदाच्या सरकारशी त्यांचे खटके उडाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत डर्बनमध्ये गोरेतर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. बिको आणि राम्फेले दोघेही त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिल्या कार्नेगी चौकशीच्या सदस्याने ज्या विद्यापीठाचा कारभार पाहिला, तिथून दुसऱ्या चौकशीची सूत्रधार निघाली. माणसांना सरसकट खलनायक करणारा इतिहास मला आवडत नाही. मालहर्ब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या प्रश्नाच्या चौकटीत काळा माणूस नव्हता, एवढेच. पण त्या 'एवढेच'ची किंमत दोन पिढ्यांनी मोजली.

१९९४ मध्ये मतपेटीतून सत्ता बदलली. मग प्रश्न आला की या संस्थेचे करायचे काय? बंद करावी, असे वाटणारे असतील तर त्यांना दोष देता येत नाही. पण नव्या लोकशाहीने तसे केले नाही. आधी तिजोरी वेगळी केली. अनुदाने वाटणारा विभाग काढून १९९९ मध्ये नव्या नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये घातला. प्रश्न ठरवणारा आणि पैसा वाटणारा एकच असू नये, हे शहाणपण त्यात होते. चाचण्यांचाही हिशेब झाला. १९९८ च्या रोजगार समता कायद्याच्या आठव्या कलमाने नोकरीसाठीच्या मानसशास्त्रीय चाचण्यांवर बंदी घातली; चाचणी शास्त्रशुद्ध आहे, सर्वांना न्याय्य लागू होते आणि कुठल्याही गटाविरुद्ध पक्षपाती नाही, हे सिद्ध झाले तरच ती वापरता येते. फिक यांच्या पुस्तकाला संसदेने एकोणसाठ वर्षांनी दिलेले उत्तर म्हणून मी हे कलम वाचतो. ठपका आता मुलावर राहिला नाही, स्वतःला सिद्ध करण्याची जबाबदारी चाचणीवर आली.

आणि २००० मध्ये संस्थेचे प्रमुख झाले मार्क ऑर्किन. होय, तेच, १९८६ चे टीकाकार! बाहेर उभे राहून ज्याने साले काढली त्याला आत नेऊन बसवले. आत जाणारा प्रत्येक जण विकला जातो, असे आपल्या चळवळीत फार सहज म्हटले जाते. हे उदाहरण त्यासाठी तपासावे. त्यांच्या काळात, २००२ मध्ये, संस्थेने नेल्सन मंडेलांच्या नावाच्या न्यासासोबत एचआयव्हीचे पहिले देशव्यापी घरोघरचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. ११.४ टक्के लोकसंख्येत विषाणू आढळला. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी तेव्हा एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, याविषयी जाहीर शंका घेत होते. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्याच सरकारला न पटणारे आकडे छापले. त्या सर्वेक्षणाच्या प्रमुख डॉ. ऑलिव्ह शिसाना २००५ मध्ये संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. ज्यांच्या लोकांची डोकी या संस्थेच्या पूर्वजांनी मोजली, त्यांच्यातली एक काळी स्त्री त्या खुर्चीत बसली.

शेवटचे विलीनीकरण २०१४ चे. आफ्रिका इन्स्टिट्यूट ऑफ साउथ आफ्रिका ही प्रिटोरियातलीच संस्था एचएसआरसीत सामील झाली. तिचा जन्म १९६० चा. त्या वर्षी मार्चमध्ये शार्पव्हिलला पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या ६९ लोकांना पोलिसांनी ठार केले, आणि त्याच वर्षी आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. उत्तरेकडून स्वातंत्र्याचे वारे येत असताना गोऱ्या दक्षिण आफ्रिकेला शेजाऱ्यांचा अभ्यास करावासा वाटला, यात आश्चर्य नाही. घराला आग लागेल असे वाटणारा माणूस वाऱ्याची दिशा पाहतोच. आज तीच संस्था एचएसआरसीच्या आत राहून आफ्रिका खंडाकडे आपले घर म्हणून पाहते.

आपल्याकडचा एक फरक मात्र नोंदवायला हवा. दक्षिण आफ्रिकेत सत्ताधाऱ्यांनी निदान स्वतःला मोजले. गरीब गोरे किती, ते का गरीब, यावर पाच खंड लिहिले. आपल्या जनगणनेत १९३१ नंतर सवर्णांची जातवार मोजणी झाली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या गेल्या. वरच्या जातींकडे जमीन किती, नोकऱ्या किती, हे विचारले की जातीयवाद होतो. मोजपट्टी कायम खालीच लावायची, हे मालहर्बांनाही जमले नव्हते.

आपल्या वस्त्यांतली जी मुलेमुली आता पीएच.डी.ला बसली आहेत त्यांच्यासाठी एक कामाची माहिती: एचएसआरसी प्रेसची बरीचशी पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. दुसऱ्या कार्नेगी चौकशीचे राम्फेले आणि विल्सन यांचे पुस्तक मात्र ग्रंथालयात शोधावे लागेल. मिळाले तर आधी तेच वाचा, मग १९३२ चा अहवाल.